कादंबरीचं शीर्षक : सहा पर्याय आहेत, नेमकं कोणतं ठेवावं?

विभाग : लेखन आणि प्रकाशन

माझगाव_दहा
मंगळवार, रात्री १०:२०

कादंबरी पूर्ण झाली आहे. साधारण ७०,००० शब्द, डेमी आकारात २४० पानं होतील. प्रकाशकांनी शीर्षक पक्कं करायला पुढच्या महिन्याची १५ तारीख दिली आहे. त्यानंतर आयएसबीएनचा (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा) अर्ज आणि मुखपृष्ठाचं काम सुरू होईल.

विषय थोडक्यात : महापालिकेच्या जलखात्यातला एक चावीवाला. काळ १९८४ ते २००९. भंडारवाडा जलाशयाखालच्या भागात, माझगाव, डॉकयार्ड रोड, डोंगरी या पट्ट्यात, तो ठरलेल्या वेळी लांब दांड्याच्या चावीने रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. लाइनीच्या अगदी शेवटच्या टोकाला एक चाळ आहे, तिथे पाणी कधीच धड पोहोचत नाही. तो पंचवीस वर्षं कुणालाही न सांगता त्या चाळीसाठी एक व्हॉल्व्ह दोन आटे, म्हणजे चावीचे दोन फेरे, जास्त उघडत राहतो. त्यामुळे वरच्या बाजूच्या कुणाचं तरी पाणी तेवढंच कमी होतं. हे 'कुणाचं तरी' कोण, ते पान १७० च्या आसपास उघड होतं. निवेदन तृतीयपुरुषी, संवाद माझगावच्या बोलीत. मध्ये मध्ये त्याच्या रोजच्या नोंदवहीतल्या ओळी येतात.

यादी अशी : चावीवाला, पाण्याची वेळ, तुटपुंजं, भंडारवाडा, साडेचार ते सव्वासहा, दोन आटे जास्त.

'आवडलं, नाही आवडलं' एवढ्यावर थांबू नये ही विनंती. का चालेल आणि कुठे अडेल, ते सांगा.

---

अनुस्वार
मंगळवार, रात्री ११:०५

'चावीवाला' आधी बाजूला काढा. जलखात्यातला अर्थ त्या खात्यातल्या माणसांना आणि ज्यांच्या गल्लीत व्हॉल्व्ह आहे त्यांनाच माहीत असतो. बाकी मुंबईकराला चावीवाला म्हटलं की स्टेशनबाहेर कानस घेऊन डुप्लिकेट चाव्या करणारा दिसतो. वाचक पहिली चाळीस पानं त्याचीच वाट बघेल. मुखपृष्ठावर चावीचं चित्र आलं की गैरसमज पक्का.

'तुटपुंजं' या शब्दाला अर्थ आहे, पण छपाईत आणि शोधात तो त्रास देईल. शीर्षक एकारान्त की अनुस्वारान्त, हा प्रश्न कायमचा मागे लागतो. तुम्ही 'तुटपुंजं' छापाल, ग्रंथालयाच्या नोंदीत 'तुटपुंजे' होईल, परीक्षणात पुन्हा तिसरंच काही. शोधयंत्राला हे वेगवेगळे शब्द वाटतात. बोलीतलं अनुस्वारान्त रूप आतल्या मजकुरात हवं तेवढं वापरा. शीर्षकातही ते चालतं, मात्र तिथे तेच रूप हवं असं ठाम कारण असलं पाहिजे.

शीर्षकात सामासिक शब्द आला तर ऱ्हस्व-दीर्घ आधी पाहा. १९६२ च्या साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार तत्सम शब्दाचा शेवटचा इकार-उकार सुटा लिहिताना दीर्घ : कवी, गुरू, मृत्यू. समासात तो पहिलं पद झाला की मूळचा ऱ्हस्व राहतो : कविमन, गुरुकृपा, मृत्युपत्र. 'मृत्यूपत्र' असं मुखपृष्ठावर छापलेलं पुस्तक आत कितीही शुद्ध असलं तरी पहिलं मत तिथेच बनतं.

---

दादर_फास्ट
बुधवार, सकाळी ८:४०

'भंडारवाडा' मला फार आवडलं. भारदस्त आहे, जागेचं आहे. मराठीत गावाच्या नावाच्या कादंबऱ्या उत्तम चालल्या आहेत. 'बनगरवाडी' आहेच, मुंबईतली 'माहीमची खाडी' आहे. मग हे का नको?

---

खिळेजुळारी
बुधवार, दुपारी १:१५

दादर_फास्ट, तुम्ही घेतलेली दोन्ही उदाहरणं बरोबर आहेत, आणि त्यांच्यामुळेच 'भंडारवाडा' इथे बसत नाही. त्या कादंबऱ्यांत ती वस्तीच मुख्य पात्र आहे. माणसं येतात, जातात, वस्ती राहते. इथे भंडारवाडा म्हणजे टेकडीवरचा जलाशय. पाणी तिथून निघतं एवढंच. गोष्ट घडते ती लाइनीच्या दुसऱ्या टोकाला. शिवाय मुंबईबाहेरचा वाचक 'वाडा' ऐकून एखाद्या खानदानी वाड्याची कथा समजेल, कोकणातला वाचक भंडाऱ्यांची वाडी समजेल. जागेचं नाव ठेवायचंच तर ते त्या शेवटच्या चाळीचं असायला हवं.

आता छापखान्याच्या बाजूने. शीर्षक ठरवताना कणा, म्हणजे कपाटात दिसणारी पुस्तकाची पाठ, मोजून घ्या, बहुतेक जण हे विसरतात. २४० पानं म्हणजे १२० कागद. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो कागद घेतला तर एका कागदाची जाडी साधारण ०.०९ मिलिमीटर, म्हणजे कणा जवळपास ११ मिलिमीटर. मुखपृष्ठ चिकटवताना थोडं इकडे-तिकडे सरकतं, म्हणून दोन्ही कडांना दीड-दीड मिलिमीटर मोकळे सोडायचे. हातात उरतात ८ मिलिमीटर. या ८ मध्ये शिरोरेषेवरची वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि अक्षराखालचा उकार हे सगळं बसवायचं असतं. 'तुटपुंजं'मध्ये खाली दोन उकार आणि वर दोन अनुस्वार आहेत. त्यामुळे मूळ अक्षराची उंची आपोआप कमी करावी लागते आणि कपाटातल्या रांगेत नाव बारीक दिसतं. खाली काहीच नसलेलं नाव त्याच कण्यावर ठळक येतं. 'पाण्याची वेळ' आणि 'दोन आटे जास्त' या हिशेबात चांगली आहेत.

लांबीही बघा. डेमी पुस्तकाची उंची साडेआठ इंच, म्हणजे सुमारे २१६ मिलिमीटर. त्यात लेखकाचं नाव, प्रकाशकाचं बोधचिन्ह आणि मधल्या मोकळ्या जागा वजा केल्या की शीर्षकाला निम्म्याच्या आसपास उरते. 'साडेचार ते सव्वासहा' तिथे मावेल, पण बारीक होईल.

---

उपनगरी
बुधवार, रात्री ९:५०

'साडेचार ते सव्वासहा' मला सगळ्यांत जिवंत वाटतं. चाळीतली बाई पाण्याच्या वेळेबद्दल असंच बोलते. पण एक खबरदारी घ्या. आकड्यांत लिहू नका. '४:३० ते ६:१५' असं छापलं की नाव उच्चारायचं कसं तेच वाचकाला कळत नाही, अकारविल्हे यादीत ते 'स'मध्ये न जाता आकड्यांच्या गठ्ठ्यात पडतं, आणि शोधणारा देवनागरी आकडे टाकेल की इंग्रजी हेही सांगता येत नाही. अक्षरांतच ठेवा.

---

ग्रंथपाल_ई_वॉर्ड
गुरुवार, सकाळी ११:३०

शीर्षक आधी कुणी वापरलं आहे का, हे बघायचे काही मार्ग.

जुन्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. पहिल्या खंडात १८०० ते १९३७, दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातल्या पुस्तकांची नोंद आहे. पुढच्या काळासाठी मोठ्या ग्रंथालयांच्या याद्या. मुंबईत दोन ठिकाणं हाताशी आहेत. एक, दादर पूर्वेला नायगावचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ पासूनचं. दुसरं, टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत प्रसिद्धीपासून ३० दिवसांत ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते. त्यांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाबरोबर मुंबईही आहे. मात्र सगळे प्रकाशक नेमाने पाठवतात असं नाही, म्हणून यादीत नाव सापडलं नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ऑनलाइन पुस्तकविक्रीच्या दोन-तीन ठिकाणी देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही प्रकारे शोधा. कथासंग्रह, नाटकं, कवितासंग्रह आणि मराठी मालिकांची नावंही पाहा. वाचकाच्या मनात गोंधळ होतो तो यांच्यामुळेच.

आता कायद्याचं. नुसत्या शीर्षकाला सहसा कॉपीराइट मिळत नाही. २०१५ मध्ये 'देसी बॉईज' या चित्रपटाच्या नावावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं : शीर्षक हे स्वतंत्र 'कृती' ठरत नाही. त्यामुळे एकाच नावाची दोन पुस्तकं कायद्याने असू शकतात. पण दुसऱ्याच्या गाजलेल्या नावाचा फायदा उठवून वाचकाची दिशाभूल केली, तर तो वेगळा मुद्दा होतो. आणि पुस्तकमालेचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं असू शकतं. छापील साहित्य वर्ग १६ मध्ये येतं, तिथे शोध घेता येतो.

चित्रपटांची शीर्षकं निर्मात्यांच्या संघटनांकडे नोंदवली जातात, मराठीसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे. ती नोंद पुस्तकाला बांधत नाही.

---

माझगाव_दहा
गुरुवार, रात्री १०:१५

'चावीवाला', 'तुटपुंजं' आणि 'भंडारवाडा' ही तीन नावं काढली. राहिली 'पाण्याची वेळ', 'साडेचार ते सव्वासहा' आणि 'दोन आटे जास्त'. माझा कल शेवटच्याकडे आहे. अख्ख्या कादंबरीचं बीज त्यात आहे.

---

अनुस्वार
गुरुवार, रात्री १०:५५

तेच तर अडचणीचं आहे. बीज आहे म्हणून ते मुखपृष्ठावर टाकू नका. कोणता व्हॉल्व्ह, कुणासाठी, किती, हे वाचकाने हळूहळू जमवायचं आहे. 'दोन आटे जास्त' वाचून बसलेला वाचक पहिल्याच व्हॉल्व्हपाशी हिशेब लावायला लागेल आणि पान १७० वर जो धक्का बसायला हवा तो आधीच निघून जाईल. शीर्षकाने पुस्तकाकडे जाताना एक अर्थ द्यावा आणि पुस्तक संपल्यावर दुसरा. 'कोसला' हा साधा किड्याच्या वेष्टनाचा शब्द, पण कादंबरी वाचून संपल्यावर तो शब्द पूर्वीसारखा राहत नाही.

'आटे' हा शब्द शेवटच्या प्रकरणाला द्या. तिथे तो आपल्या जागी बसेल. शिवाय नुसतं नाव ऐकलं तर 'आटे' म्हणजे पिठं असंही वाटू शकतं. स्क्रूचा आटा लगेच डोळ्यांसमोर येणारे वाचक सगळेच नसतात.

'पाण्याची वेळ' बरोबर आहे, पण सपाट आहे. सोसायटीच्या फलकावर लिहिलेली ओळ वाटते.

एक सुचवते. हस्तलिखित पुन्हा उघडा आणि कागदावर फक्त परत परत येणारे शब्दसमूह उतरवा. कल्पनेतून काही सुचवायचं नाही, जे पानांवर आधीच आहे तेवढंच घ्यायचं. निवेदनातले, संवादांतले, नोंदवहीतले असे तीन रकाने करा. पंचवीस-तीस तरी निघतील. मग प्रत्येकापुढे तो कुठल्या पानांवर आला ते लिहा. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असा तीनही ठिकाणी येणारा आणि दर वेळी थोडा वेगळा अर्थ घेणारा शब्दसमूह शोधा.

---

माझगाव_दहा
रविवार, संध्याकाळी ७:३०

अनुस्वारताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. अठ्ठावीस निघाले. त्यातला एक तीनही रकान्यांत आहे : 'कमी दाबाने'.

पान ९ वर तो वर्तमानपत्रातल्या सूचनेत येतो : 'ई विभागात पाणीपुरवठा कमी दाबाने होईल.' पान ८८ वर डॉक्टर चावीवाल्याच्या बायकोबद्दल बोलताना तोच शब्द वेगळ्या अर्थाने येतो. पान १७४ वर, ज्या घराचं पाणी कमी झालं त्या घरातली म्हातारी म्हणते, 'आमच्याकडे सगळंच कमी दाबाने येतं.' आणि नोंदवहीत तर जवळजवळ दर महिन्याला आहे.

---

दादर_फास्ट
रविवार, रात्री ८:०५

हे आहे शीर्षक. 'भंडारवाडा' मी मागे घेतो.

---

खिळेजुळारी
रविवार, रात्री ९:२०

कण्यावर उत्तम. एकही उकार नाही, रफार नाही, जोडाक्षर नाही. वर एक वेलांटी आणि एक मात्रा, बाकी सगळं शिरोरेषेखाली सरळ. ८ मिलिमीटरमध्ये अक्षर जेवढं मोठं येऊ शकतं तेवढं येईल.

---

उपनगरी
रविवार, रात्री १०:१०

नाव छान आहे, पण दोन शंका आहेत.

पहिली : पावसाळ्यात रोज 'कमी दाबाचा पट्टा' ऐकू येतो. वाचकाला हवामान आठवेल का? माझ्या मते आठवलं तरी बिघडत नाही. तेही पाण्याचंच आहे, आणि तलाव भरणं-न भरणं कादंबरीत असणारच. फक्त मुखपृष्ठावर ढग आणि पाऊस नको, नाहीतर तोच अर्थ घट्ट होईल.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. रोमन लिपीत 'दाबाने' लिहिताना 'ब'पुढे एकच ए घातला तर तो शब्द 'दाबणे' असाही वाचला जातो. मग नाव 'कमी दाबणे' होतं आणि सगळा अर्थच जातो. ऑनलाइन विक्रीच्या पानावर, बिलावर, आयएसबीएनच्या अर्जात रोमन नाव लागतं. तिथे 'दा' आणि 'बा' दोन्हीकडे डबल ए ठेवा आणि तेच लेखन सगळीकडे द्या. एकीकडे एक, दुसरीकडे दुसरं असं झालं की पुस्तकाच्या दोन वेगळ्या नोंदी होतात आणि वाचकांचे अभिप्राय विखुरतात.

---

अनुस्वार
सोमवार, सकाळी ९:००

'कमी दाबानं' करायचा मोह होईल, कारण संवाद बोलीत आहेत. करू नका. हा शब्दसमूह मुळात छापील सरकारी सूचनेतला आहे, आणि सूचनेत '-ने'च असतो. म्हातारी पान १७४ वर तो शब्द उच्चारते तेव्हा तिनेही सूचनेतलाच शब्द उचललेला आहे, म्हणून तिच्या तोंडीही 'दाबाने'च ठेवा. तिथे बोलीत बदललात तर धागा तुटेल.

व्याकरणाच्या दृष्टीने आणखी एक सोय. शीर्षक वाक्यात वापरताना त्याचं रूप बदलतं का, ते बघायचं असतं. 'वाडा' असलं की लोक 'वाड्यात असं लिहिलंय' म्हणतात आणि मूळ नाव हरवतं. 'कमी दाबाने' आधीच विभक्तीत आहे, त्याला आणखी प्रत्यय लागत नाही. माणूस आपोआप '"कमी दाबाने"मध्ये' किंवा 'या कादंबरीत' म्हणेल. 'वाचली की वाचलं' हाही घोळ होणार नाही, कारण नामच नाही, त्यामुळे कादंबरीचं स्त्रीलिंग लागेल : 'कमी दाबाने वाचलीस का?'

---

माझगाव_दहा
सोमवार, दुपारी २:४५

प्रकाशकांचं म्हणणं आहे की उपशीर्षक हवं : 'कमी दाबाने : एका चावीवाल्याची गोष्ट'. नाहीतर विषय कळणार नाही म्हणतात.

---

ग्रंथपाल_ई_वॉर्ड
सोमवार, संध्याकाळी ५:१०

उपशीर्षकाची सवय मराठी कादंबरीइतकीच जुनी आहे. पहिली मराठी कादंबरी मानल्या जाणाऱ्या १८५७ च्या 'यमुनापर्यटन'चं पूर्ण नाव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असं आहे. तेव्हा कादंबरी हा प्रकारच वाचकाला नवा होता, त्यामुळे ती ओळ गरजेची होती. आज मुखपृष्ठावर खाली 'कादंबरी' एवढा शब्द पुरतो. 'चावीवाला' म्हणजे कोण, हे मलपृष्ठावरच्या मजकुरात सांगा. तिथे जागा आहे.

तरीही उपशीर्षक घ्यावंच लागलं, तर नोंदी करताना ते उपशीर्षकाच्या रकान्यात भरा, मुख्य नावात चिकटवू नका. आणि देवनागरीत अपूर्णविरामाच्या आधी एक जागा सोडा, नाहीतर तो विसर्गासारखा दिसतो.

---

खिळेजुळारी
सोमवार, रात्री ९:४०

पक्कं झालं की कुठे कुठे बदलायचं ते आत्ताच लिहून ठेवा. कादंबरीचं तात्पुरतं नाव वर्षभर फायलीत असतं आणि कुठेतरी उरतंच. पान १ वरचं अर्धशीर्षक, पान ३ वरचं शीर्षकपान, पान ४ वरचं श्रेयपान, डाव्या पानांच्या माथ्यावरची शीर्षओळ, कणा, मुखपृष्ठ, मलपृष्ठ, लेखक-परिचय, अनुक्रमणिका, ई-पुस्तकाच्या फायलीतली आतली नोंद. सगळ्यांत जास्त चूक शीर्षओळीत राहते, कारण ती एकदा मास्टर पानावर (सगळ्या पानांच्या साच्यावर) टाकली की कुणी परत वाचत नाही.

मांडणी जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये होणार असेल तर ई-पुस्तकासाठी आणि ऑनलाइन नोंदीसाठी नाव युनिकोडमध्ये नव्याने टंकायचं. तिथून नकल-डकव केलं तर निरर्थक अक्षरं येतात. तुमच्या शीर्षकात 'ॲ' नाही हे बरं, नाहीतर एकच दिसणारं अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं आणि शोधात जुळत नाही.

आयएसबीएन केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो, शुल्क नाही. पण छापील आणि ई-पुस्तक यांना वेगळे क्रमांक लागतात, आणि क्रमांक मिळाल्यावर शीर्षक बदललं तर नवा घ्यावा लागतो. म्हणून अर्ज करायच्या आधी थांबायचं, नंतर नाही.

---

उपनगरी
मंगळवार, सकाळी ८:१५

तोवर एक चाचणी उरकून घ्या. कादंबरीबद्दल काहीही माहीत नसलेल्या दहा-बारा जणांना नाव फोनवर एकदाच सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. किती जण बरोबर लिहितात ते मोजा. मग विचारा, 'हे पुस्तक कशाबद्दल असेल?' 'आवडलं का?' हा प्रश्न विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. मुंबईतल्या आणि मुंबईबाहेरच्या लोकांची उत्तरं वेगळी ठेवा.

---

माझगाव_दहा
शुक्रवार, रात्री ११:००

बारा जणांना विचारलं. अकरा जणांनी बरोबर लिहिलं, एकाने 'दाबानं'. कशाबद्दल असेल, यावर मुंबईतल्या सातांपैकी सहा जणांनी पाणी म्हटलं. बाहेरच्या पाचांत दोघांनी पाणी, दोघांनी पाऊस, एकाने रक्तदाब. रक्तदाब ऐकून बरं वाटलं, पान ८८ वर तोच आहे.

'कमी दाबाने' पक्कं. उपशीर्षक काढलं, प्रकाशक तयार झाले. करारात 'लेखकाच्या लेखी संमतीशिवाय शीर्षक बदलू नये' ही ओळ घालून घेतली. शेवटच्या प्रकरणाचं नाव 'दोन आटे'.

---

अनुस्वार
शुक्रवार, रात्री ११:२५

अनुक्रमणिकेत 'दोन आटे' दिसेल, आणि अनुक्रमणिका वाचक सगळ्यांत आधी उघडतो. प्रकरणांना आत नाव द्या, अनुक्रमणिकेत फक्त क्रमांक. नाहीतर अनुक्रमणिकाच काढून टाका, कादंबरीला ती लागतेच असं नाही.

---

माझगाव_दहा
शुक्रवार, रात्री ११:३२

काढली.